लिबर्टेरियन फ्युचरिस्ट सोसायटी

व्यक्तिस्वातंत्र्य ज्यांच्या गाभ्याशी आहे अशा विज्ञानकथांचा आणि अद्भुतकथांचा दरवर्षी गौरव करणारी वाचकांची संस्था. स्थापना अमेरिकेत १९८२ साली झाली. संस्था ओळखली जाते ती तिच्या प्रॉमिथियस पुरस्कारामुळे. ग्रीक पुराणातल्या प्रॉमिथियसने देवांच्या राजाची आज्ञा मोडून अग्नी चोरला आणि माणसांना दिला. पुरस्काराचे नाव त्याच्यावरून घेतले आहे. संस्थेत पगारी नोकर नाहीत. वाचन, चर्चा, मतदान, सोहळा हे सगळे सभासदच आपापली कामे सांभाळून करतात.

संस्थेमागचा विचार अमेरिकेतल्या लिबर्टेरियन चळवळीचा आहे. प्रत्येक माणूस स्वतःच्या देहाचा, श्रमाचा आणि त्यातून मिळवलेल्या मालमत्तेचा धनी आहे आणि दुसऱ्यावर बळजबरी करण्याचा अधिकार कोणालाच नाही, सरकारलाही नाही, हे तिचे मूळ सूत्र. त्यामुळे सक्तीची लष्करभरती आणि पुस्तकांवरची बंदी यांना ही मंडळी जितका विरोध करतात, तितकाच वस्तूंच्या किमतींवरच्या सरकारी नियंत्रणाला आणि वाढत्या करांना करतात. नेहमीच्या डाव्या-उजव्या खणांत ती बसत नाहीत. १९७१ साली कोलोरॅडो राज्यात या विचाराचा राजकीय पक्षही निघाला, पण चळवळीतल्या अनेकांना या विचाराची गोडी लागली ती कादंबऱ्यांमुळे. राज्यशास्त्राच्या ग्रंथात सरकार नसलेल्या समाजाविषयी युक्तिवाद करता येतो. विज्ञानकथेत त्या समाजात राहता येते, तिथली भांडणे कोण सोडवतो आणि पाण्याचे पैसे कोण देतो हे पाहता येते. रॉबर्ट हाइनलाइन यांच्या १९६६ सालच्या कादंबरीत चंद्रावर हद्दपार केलेले कैदी आणि त्यांची मुलेबाळे पृथ्वीसाठी धान्य पिकवतात आणि एका जाणत्या संगणकाला हाताशी धरून बंड करतात. ‘द मून इज अ हार्श मिस्ट्रेस’ हे तिचे नाव. या मंडळींमध्ये तिच्याइतका जिव्हाळा क्वचितच दुसऱ्या पुस्तकाच्या वाट्याला आला असेल.

पुरस्कार संस्थेपेक्षा तीन वर्षांनी मोठा आहे. कोलोरॅडोतले कादंबरीकार एल. नील स्मिथ यांनी तो १९७९ साली सुरू केला. पहिला मान एफ. पॉल विल्सन यांच्या ‘व्हील्स विदिन व्हील्स’ या कादंबरीला मिळाला आणि पारितोषिक सोन्याच्या नाण्यांत देण्यात आले. सोने निवडण्यामागे कारण होते. १९३३ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या आदेशाने अमेरिकी नागरिकांना, थोडे अपवाद वगळता, जवळची सोन्याची नाणी आणि लगडी सरकारजमा कराव्या लागल्या होत्या. ती बंदी १९७४ च्या अखेरीस उठली. म्हणजे १९७९ साली लेखकाच्या हातात सोन्याचे नाणे ठेवणे ही जेमतेम पाच वर्षांपूर्वी कायदेशीर झालेली गोष्ट होती. आपल्याकडे १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० पर्यंत होता. ज्या घरांनी त्या काळात सोनारकाम केले आहे, त्यांना या निवडीमागची भावना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. सरकार नोटा छापून पैशाची किंमत उतरवू शकते, सोन्याची उतरवू शकत नाही, हा लिबर्टेरियन मंडळींचा आवडता मुद्दाही त्यात होताच. सर्वोत्कृष्ट कादंबरीच्या सन्मानफलकावर बसवलेले एक औंसाचे सुवर्णनाणे हे आजही या पुरस्काराचे ओळखचिन्ह आहे.

पुढची दोन वर्षे पुरस्कार दिला गेला नाही. एकट्यादुकट्याच्या उत्साहावर असा उपक्रम तगत नाही, हे दिसले. १९८२ साली पत्रकार मायकल ग्रॉसबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संस्था उभी करून तो पुन्हा सुरू केला आणि त्यानंतर ही जबाबदारी सभासदांनी सामूहिकपणे पेलली.

निवडीची पद्धत साधी आहे. आदल्या वर्षात आलेल्या कादंबऱ्या सभासद सुचवतात. परीक्षक समिती त्या वाचून अंतिम फेरीसाठी मोजक्या निवडते. मग सभासद पसंतीक्रम लावून मत देतात. मतपत्रिकेवर कादंबऱ्यांच्या नावांबरोबर आणखी एक पर्याय असतो : वरीलपैकी कोणतीही नाही. आपल्या लोकसभा-विधानसभा निवडणुकांत २०१३ पासून ‘नोटा’ आहे, पण त्याला कितीही मते पडली तरी उमेदवारांपैकी एक जण निवडून येतोच. इथे तो पर्याय खरोखर जिंकू शकतो. १९८५ साली कोणत्याही कादंबरीला पुरस्कार मिळाला नाही. वाचकाला नकार देण्याचा हक्क असलाच पाहिजे, असे मानणारे साहित्य पुरस्कार फार थोडे आहेत. या संस्थेने तो हक्क मतपत्रिकेवरच छापला, हे मला तिच्या विचाराशी सर्वांत प्रामाणिक असलेले काम वाटते.

१९८३ पासून जुन्या साहित्यासाठी ‘हॉल ऑफ फेम’ हा वेगळा सन्मान दिला जातो. सध्याच्या नियमाप्रमाणे किमान वीस वर्षे जुनी कृती त्यासाठी पात्र ठरते. कादंबरीच हवी असे नाही; लघुकथा, चित्रपट, दूरचित्रवाणी मालिका, चित्रकादंबरी, गीत काहीही चालते. पहिल्या वर्षी हाइनलाइन यांची वर सांगितलेली कादंबरी आणि आयन रँड यांची ‘अ‍ॅटलस श्रग्ड’ यांना तो मिळाला, दुसऱ्या वर्षी ऑर्वेल यांच्या ‘१९८४’ ला आणि रे ब्रॅडबरी यांच्या ‘फॅरनहाइट ४५१’ ला. रशियन लेखक येव्गेनी झाम्यातिन यांच्या ‘आम्ही’ या कादंबरीला १९९४ साली हा मान मिळाला. १९२४ साली इंग्रजीत छापली गेलेली ही कादंबरी तिच्या मायदेशात १९८८ पर्यंत छापता आली नव्हती. २००९ साली टॉल्किन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ निवडली गेली. तिच्यात संगणक नाहीत की अंतराळयाने नाहीत, पण जी अंगठी धारण करणाऱ्याला अमर्याद सत्ता देते, ती चांगल्या हातांतही देऊ नये, नष्टच करावी, एवढी एक गोष्ट सभासदांना पुरेशी होती. २०२१ साली निवडलेली विल्सन यांची ‘लिपिडलेगिन’ ही छोटी कथा तर लोणी आणि अंडी यांच्या चोरट्या व्यापाराची आहे. लोकांच्या आरोग्याचा खर्च सरकारच्या अंगावर आल्यावर लोकांच्या ताटात काय असावे हेही सरकार ठरवू लागते, हे तिचे सूत्र.

या यादीतला खरा मोलाचा भाग मात्र वेगळाच आहे. खासगी मालमत्तेवर गाढ विश्वास असलेल्या या संस्थेने, मालमत्ता नाकारणाऱ्या लेखकांनाही मान दिला. उर्सुला ले ग्विन यांच्या १९७४ च्या ‘द डिस्पझेस्ड’ मध्ये अनारेस नावाच्या रूक्ष भूमीवर सरकार नाही, कायदा नाही, कोणाच्या मालकीचे काहीच नाही. तिथल्या माणसांना ‘माझे’ म्हणण्याचीही सवय नाही. तरीही शेवेक या भौतिकशास्त्रज्ञाची कोंडी होते. साबुल नावाचा वरिष्ठ त्याचे संशोधन अडवून धरतो, त्यावर स्वतःचे नाव लावतो आणि त्यासाठी त्याला ना पोलीस लागतात ना तुरुंग. चारचौघांची नापसंती पुरते. सत्ता कायद्यातून आली नाही तर शेजाऱ्यांच्या कुजबुजीतून येते, हे ज्या कादंबरीने इतक्या बारकाईने दाखवले, ती कादंबरी संस्थेने १९९३ साली ‘हॉल ऑफ फेम’मध्ये घेतली. लेखिकेचा अर्थविचार आपला नाही, हे सभासदांना चांगलेच ठाऊक होते.

तीच गोष्ट स्कॉटिश लेखक केन मॅक्लाउड यांची. डाव्या चळवळीत घडलेल्या या लेखकाच्या ‘द स्टार फ्रॅक्शन’ चा नायक ट्रॉट्स्कीवादी, म्हणजे रशियन साम्यवादी क्रांतिकारक ट्रॉट्स्की यांचा विचार मानणारा, भाडोत्री सैनिक आहे. तिला १९९६ साली पुरस्कार मिळाला आणि पुढे मॅक्लाउड यांनी तो १९९८ आणि २००६ साली पुन्हा मिळवला. कॉरी डॉक्टरोव्ह यांच्या ‘लिटल ब्रदर’ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोवर दहशतवादी हल्ला झाल्यानंतर शाळकरी मुले सरकारी पाळतीला संगणकाच्या ज्ञानाने तोंड देतात. लेखकाने ही कादंबरी इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवली होती. २००९ चा पुरस्कार तिला मिळाला. लेखकाची राजकीय मते तपासण्याऐवजी ‘कोणाची सत्ता कोणावर चालते आहे’ हा प्रश्न पुस्तकाने किती खरेपणाने विचारला आहे हे पाहायचे, ही शिस्त संस्थेने सांभाळली नसती, तर ती प्रचारपुस्तिकांना शाबासकी देणारे मंडळ होऊन बसली असती.

तसा आक्षेप घेतला जातो आणि सुरुवातीच्या वर्षांपुरता तो अगदीच चुकीचा नाही. पुरस्कार पुन्हा सुरू झाला त्या वर्षी, १९८२ साली, तो मूळ संस्थापक स्मिथ यांच्याच ‘द प्रॉबॅबिलिटी ब्रोच’ ला मिळाला आणि पुढे १९९४ व २००१ साली पुन्हा त्यांनाच. व्हिक्टर कोमन हेही तीनदा मानकरी ठरले. वर्तुळ लहान होते. सर्वोत्कृष्ट कादंबरीचा पुरस्कार एखाद्या लेखिकेला मिळायला तर २००८ साल उजाडावे लागले. ब्रिटनने हिटलरशी तह केला असता तर, अशी कल्पना करून लिहिलेल्या जो वॉल्टन यांच्या ‘हेपेनी’ ला तो हॅरी टर्टलडव्ह यांच्या ‘ग्लॅडिएटर’ बरोबर विभागून मिळाला.

अधूनमधून विशेष पुरस्कारही दिले जातात. दीर्घ लेखनकार्याबद्दल पॉल अँडरसन (२००१), व्हर्नर व्हिंजी (२०१४) आणि स्वतः स्मिथ (२०१६) यांचा गौरव झाला. स्मिथ यांचे २०२१ साली निधन झाले. पुरस्कार प्रदान अनेक वर्षे जागतिक विज्ञानकथा संमेलनात होत असे. अलीकडे सोहळा ऑनलाइन होतो. सभासद होण्यासाठी अमेरिकेत राहण्याची अट नाही.