हॅलो : नमस्कार नव्हे, आरोळी

व्हॉट्सॲपवर अधूनमधून एक गोष्ट फिरत असते. टेलिफोनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या प्रेयसीचं नाव म्हणे मार्गारेट हॅलो होतं. त्यांनी पहिला फोन तिलाच लावला, म्हणून आपण आजही फोन उचलला की तिचं नाव घेतो. गोष्ट गोड आहे आणि साफ खोटी आहे. बेल यांचं लग्न जुलै १८७७ मध्ये मेबल हबर्ड यांच्याशी झालं. मेबलना लहानपणी आलेल्या स्कार्लेट फीवरनंतर ऐकू येईनासं झालं होतं, त्यामुळे त्यांना फोन लावून तरी काय उपयोग! १० मार्च १८७६ ला तारेतून गेलेलं पहिलं वाक्य होतं सहाय्यक थॉमस वॉटसन यांच्यासाठी, तेही कामाचं : इकडे या, मला तुम्हाला भेटायचंय. त्यात हॅलो नाही. खुद्द बेल यांना तर हा शब्द कधी रुचलाच नाही. फोनवर ते ‘अहॉय’ म्हणत, जहाजावरचे खलाशी दुसऱ्या जहाजाला हाक मारताना म्हणतात तसं.

मग हॅलो आला कुठून? इंग्रजीत होला, हॉलो, हॅलू, हुल्लो असे एका कुळातले बरेच शब्द फार पूर्वीपासून होते. शिकारी कुत्र्यांना चेव आणायला, लांबच्या माणसाचं लक्ष वेधायला, पलीकडच्या काठावरच्या नावाड्याला बोलवायला ते वापरत. थोडक्यात, आपल्याकडे बांधावरून ‘ओऽऽऽ’ म्हणून साद घालतात, त्या जातीचे हे शब्द. भेटल्यावर हात जोडून म्हणायचे नव्हेत. आज आपण लिहितो त्या स्पेलिंगचा हॅलो छापलेला सापडतो तो अमेरिकेत, १८२६ च्या सुमारास, आणि तोही हाक म्हणून किंवा ‘अरेच्चा!’ या अर्थाने. दोन माणसं भेटली की सभ्यपणे गुड मॉर्निंग, गुड इव्हनिंग म्हणत.

टेलिफोनने हे सगळं फिरवलं, आणि त्याचं कारण निव्वळ तांत्रिक होतं. सुरुवातीच्या फोनला घंटा नव्हती. दोन कचेऱ्यांमध्ये एक तार टाकलेली असायची आणि ती कायम चालू. पलीकडच्याला आपल्याशी बोलायचंय हे कळायचं कसं? सुरुवातीला लोक यंत्राच्या पातळ पडद्यावर पेन्सिलीने टकटक करत. त्याने पडदा खराब होणार हे ओळखून वॉटसन यांनी आतून ठोका देणारी छोटी हातोडी बसवली, पुढे घंटाही आली. एडिसन मात्र वेगळा विचार करत होते. १५ ऑगस्ट १८७७ रोजी त्यांनी पिट्सबर्गच्या तारकंपनीचे अध्यक्ष टी. बी. ए. डेव्हिड यांना दोन ओळींचं पत्र लिहिलं. मजकूर असा की घंटेची गरज पडेल असं वाटत नाही, कारण ‘हॅलो!’ ही हाक दहा ते वीस फुटांवर ऐकू जाते, तुमचं काय मत? हे पत्र बरीच वर्षं एटी अँड टी या अमेरिकी टेलिफोन कंपनीच्या जुन्या कागदपत्रांत पडून होतं. १९८० च्या दशकात ब्रुकलिन कॉलेजचे प्राध्यापक ॲलन कोनिग्सबर्ग यांनी ते शोधून काढलं. हॅलोचं सगळं श्रेय एकट्या एडिसनना देणं मला जरा जास्त वाटतं, कारण शब्द आधीपासून लोकांच्या तोंडी होताच. पण फोनसाठी तो सुचवल्याचा लेखी पुरावा आहे तो हाच.

यातली गंमत अशी की एडिसनना हॅलो हवा होता तो घंटेच्या जागी. घंटा तर आलीच, वर हॅलोही राहिला.

जानेवारी १८७८ मध्ये कनेक्टिकटमधल्या न्यू हेवन इथे व्यापारी तत्त्वावरचं पहिलं एक्स्चेंज सुरू झालं. त्याच वर्षी तिथे निघालेल्या डिरेक्टरीत फोनवर कसं बोलावं याच्याही सूचना होत्या : सुरुवात ‘हुलोआ’ने करा, बोलून झालं की ‘दॅट इज ऑल’ म्हणा. दुसरी सूचना कोणी मनावर घेतली नाही, पहिली टिकली. १८८० मध्ये नायगारा इथे टेलिफोन कंपन्यांचं अधिवेशन भरलं, तेव्हा प्रतिनिधींच्या बिल्ल्यांवरच हॅलो छापलेलं होतं. त्याआधी, सप्टेंबर १८७८ मध्ये, बॉस्टनच्या एक्स्चेंजवर एमा नट या पहिल्या महिला ऑपरेटर रुजू झाल्या होत्या. आधीची पोरं ग्राहकांशी उद्धटपणे वागत, म्हणून बायकांना घेतलं. पुढे या कामावरच्या मुलींना ‘हॅलो गर्ल’च म्हणू लागले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने फ्रान्समध्ये नेलेल्या ऑपरेटरही याच नावाने ओळखल्या जातात. त्यांना माजी सैनिकाचा दर्जा मिळायला मात्र १९७७ उजाडावं लागलं.

भारतात १८८२ च्या जानेवारीत कलकत्ता, मद्रास आणि मुंबईत एक्स्चेंज उघडली आणि यंत्राबरोबर शब्दही उतरला. सगळीकडे तसं झालं नाही. इटलीत फोन उचलून ‘प्रोंतो’ म्हणतात, म्हणजे ‘तयार आहे’. जपानीत ‘मोशी मोशी’. आपल्याकडे हॅलो इतका रुळला की गणपतीच्या मांडवातला माईकसुद्धा ‘हॅलो हॅलो, माईक टेस्टिंग’ म्हटल्याशिवाय सुरू होत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने कर्मचाऱ्यांना फोनवर हॅलोऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचं आवाहन केलं, तेव्हा हॅलो हे पाश्चात्त्यांचं अनुकरण आहे आणि त्याला विशिष्ट अर्थ नाही, असं कारण दिलं होतं. अर्थ नाही हे एका परीने खरंच आहे. हाकेला अर्थ नसतो, काम असतं.

इंग्रजी शिकणाऱ्याने ही पूर्वपीठिका लक्षात ठेवली की आजचा वापर सोपा जातो. फोनवर आवाज तुटला की स्वर वर नेऊन म्हटलेला ‘हॅलो?’ म्हणजे ‘ऐकू येतंय का?’ ती जुनी हाकच. रिकाम्या दुकानात शिरून ‘हॅलो?’ म्हटलं तर ‘कोणी आहे का?’ समोरचा काही उघड मुद्दा सोडून बोलत असेल तर ताणून म्हटलेला ‘हॅलोऽऽ’ म्हणजे ‘अहो, शुद्धीत या’. हा वरिष्ठांसमोर वापरू नये. नमस्कार म्हणून हॅलो बहुतेक ठिकाणी चालतो. ‘हाय’ त्याहून मोकळा, ‘हे’ फक्त मित्रांत. अनोळखी माणसाला ईमेल लिहिताना हॅलोच्या पुढे नाव घालावं, नुसता हॅलो तुटक वाटतो. ‘से हॅलो टु युअर मदर’ म्हणजे ‘आईंना नमस्कार सांग’. इथे तो नाम होतो.

आपली मंडळी अडखळतात ती हॅलोच्या पुढच्या वाक्याला. ‘कोण बोलतंय?’ हे डोक्यात असतं आणि तोंडातून ‘हू आर यू?’ निघतं, जे इंग्रजीत ‘तू कोण रे?’च्या जवळ जातं. तिथे ‘हू इज कॉलिंग, प्लीज?’ म्हणावं. आणि आपलं नाव सांगताना ‘मायसेल्फ गणेश’ किंवा ‘आय ॲम गणेश’पेक्षा ‘धिस इज गणेश’.