अस्थिसुषिरतेवरील औषधोपचारांचे अनुपालन

अस्थिसुषिरता (ऑस्टिओपोरोसिस, हाडे विरळ व ठिसूळ होण्याचा विकार) झालेल्या रुग्णाने औषध नेमून दिलेल्या मात्रेत, अंतराने व पद्धतीने घेणे. उपचार सुरू झाल्यापासून थांबेपर्यंतचा काळ ‘सातत्य’ म्हणून वेगळा मोजतात. जुन्या अभ्यासांत या दोहोंची सरमिसळ असल्याने त्यांतील आकडे परस्परांशी ताडून पाहणे धोक्याचे ठरते.

हाड मोडेपर्यंत या विकाराची सहसा जाणीव होत नाही आणि औषधाचा गुणही जाणवत नाही. त्यात ॲलेंड्रोनेट (अमेरिकेत मान्यता १९९५) व त्याच वर्गातील इतर बिस्फॉस्फोनेट (हाडांची झीज रोखणारी औषधे) गोळ्यांचा एक टक्क्याहून कमी अंश आतड्यातून शोषला जातो. म्हणून गोळी अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावी लागते. नंतर किमान अर्धा तास काही खाता-पिता येत नाही आणि आडवेही होता येत नाही, कारण गोळी अन्ननलिकेत रेंगाळल्यास तेथे व्रण पडतात. दुधाचा चहा किंवा कॅल्शियमची गोळी सोबत घेतल्यास औषध जवळजवळ वायाच जाते. रोजच्या गोळीऐवजी आठवड्याची व पुढे महिन्याची गोळी आल्यावर अनुपालन काहीसे सुधारले. मात्र पहिल्या वर्षातच औषध सोडणाऱ्यांचे प्रमाण मोठेच राहिले.

मोजमापासाठी बहुतेक अभ्यास ‘औषध-उपलब्धता प्रमाण’ वापरतात : ठरावीक काळात रुग्णाने जितक्या दिवसांचे औषध दुकानातून उचलले, त्याला त्या काळातील एकूण दिवसांनी भागणे. ८० टक्के वा अधिक प्रमाण म्हणजे चांगले अनुपालन, असा संकेत आहे. ही मर्यादा हाडांच्या अभ्यासातून आलेली नाही. ती बहुधा १९७० च्या दशकात कॅनडातील हॅमिल्टन येथे पोलाद कामगारांच्या रक्तदाबावर झालेल्या संशोधनातून रूढ झाली असावी. शिवाय उचललेली गोळी चहाबरोबर घेतली की डब्यातच राहिली, हे या प्रमाणातून कळत नाही.

अमेरिकेतील विमा-नोंदींवरून ३५,५३७ स्त्रियांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांत ४३ टक्के स्त्रियांनी ही मर्यादा गाठली, तर सुमारे २० टक्क्यांनीच औषध अखंड चालू ठेवले. प्रमाण ५० टक्क्यांच्या खाली असल्यास अस्थिभंग टळण्याच्या दृष्टीने लाभ फारसा दिसला नाही. त्यावर तो वाढत गेला. याचे सगळे श्रेय औषधाला द्यावे का, याबद्दल मतभेद आहेत. हृदयविकारावरील एका अमेरिकी चाचणीत (१९८०) औषधाचा अंशही नसलेल्या गोळ्या नियमित घेणाऱ्यांचा पाच वर्षांतील मृत्युदर १५.१ टक्के, तर अनियमितांचा २८.२ टक्के आढळला. पुढे रजोनिवृत्त स्त्रियांवरील मोठ्या चाचण्यांतही अशा निष्क्रिय गोळ्या नेमाने घेणाऱ्यांमध्ये खुब्याचे अस्थिभंग कमी दिसले. नेमाने गोळी घेणारी व्यक्ती व्यायाम, आहार, तपासण्या यांतही नेमाची असते, असा त्याचा अर्थ लावतात. निरीक्षणात्मक अभ्यासांतील लाभाचे आकडे त्यामुळे काहीसे फुगलेले मानणे सयुक्तिक वाटते. औषधाचा गुण मात्र यादृच्छिक चाचण्यांतून (कोणाला औषध व कोणाला निष्क्रिय गोळी हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवलेल्या) स्वतंत्रपणे सिद्ध आहे.

जबड्याच्या हाडाचा मृतक्षय (हाडाचा भाग निर्जीव होणे; प्रथम वृत्त २००३) व मांडीच्या हाडाचे असामान्य भंग यांच्या बातम्यांनंतर अमेरिकेत बिस्फॉस्फोनेट गोळ्यांचा वापर २००८ ते २०१२ या काळात निम्म्याहून खाली आला. हे दुष्परिणाम विरळ आहेत. बिस्फॉस्फोनेट हाडात वर्षानुवर्षे टिकत असल्याने सुमारे पाच वर्षांनंतर धोका कमी असलेल्यांना वैद्य स्वतःच काही काळ औषध थांबवण्यास सुचवतात. विमा-नोंदीत मात्र तोही ‘खंड’च दिसतो. डेनोसुमॅब या हाडांची झीज रोखणाऱ्या दुसऱ्या वर्गातील औषधाचे उलट आहे. सहामाही इंजेक्शन लांबल्यास हाडांची झीज वेगाने परतते आणि एकाच वेळी अनेक मणके दबल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत.

परिचारिकेने ठरावीक काळाने भेटून विचारपूस केल्यास अनुपालन सुधारल्याचे ब्रिटनमधील एका छोट्या चाचणीत (२००४) दिसले. केवळ पत्रके वाटण्याचा उपयोग संदिग्ध आहे.

भारतात बहुतेक रुग्ण औषध पदरच्या पैशाने विकत घेतात, त्यामुळे विमा-नोंदींवर बेतलेली पद्धत येथे फारशी लागू पडत नाही. वर्षातून एकदा शिरेतून देण्याचे झोलेड्रोनिक आम्ल हे बिस्फॉस्फोनेट येथेही वापरात आहे. त्याने गोळीची अडचण टळते. पण पहिल्या मात्रेनंतर दोन-तीन दिवस ताप व अंगदुखी होऊ शकते, आणि तिची पूर्वकल्पना न दिलेले काही रुग्ण दुसऱ्या मात्रेस येत नाहीत.