पक्षाघातानंतर गिळण्याचे पुनर्वसन

पक्षाघातामुळे (अर्धांगवायू, लकवा) बिघडलेली गिळण्याची क्रिया तपासणी, व्यायाम आणि खाण्यापिण्यातील बदल यांनी सुधारण्याची उपचारपद्धती. पक्षाघाताच्या पहिल्या काही दिवसांत निम्म्याच्या आसपास रुग्णांना गिळायला त्रास होतो. तपासणी जितकी बारकाईची, तितका हा आकडा वाढतो. बहुतेकांचा त्रास काही आठवड्यांत ओसरतो, काहींचा मात्र महिनोन्‌महिने टिकतो. लुळा पडलेला हात सगळ्यांना दिसतो, घशाचे तसे नसते. त्यामुळे नातेवाइकांचे लक्ष चालण्या-बोलण्याकडे लागलेले असते आणि गिळणे मागे पडते. खरे तर पहिल्या दिवशी सर्वांत आधी तेच पाहायला हवे.

जिभेने घास मागे ढकलला की पुढचे काम आपोआप होते. मऊ टाळू नाकाकडची वाट बंद करते, स्वरयंत्र वर आणि पुढे सरकते, स्वरतंतू मिटतात, श्वास क्षणभर थांबतो आणि अन्ननलिकेचे तोंड उघडते. हे सारे साधारण एका सेकंदात उरकते. त्याचा ताल मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेत ठरतो, म्हणून तिथला छोटासा आघातही गिळणे पार थांबवू शकतो. वरच्या मेंदूचे नियंत्रण दोन्ही गोलार्धांत असले तरी सारखे वाटलेले नसते. मँचेस्टरच्या शाहीन हमदी आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात दाखवले, की ज्यांचे गिळणे सुधारते त्यांच्यात न दुखावलेल्या गोलार्धातील घशाचे क्षेत्र विस्तारते. पुनर्वसनाची सारी आशा मेंदूच्या या क्षमतेवर उभी आहे.

मुख्य धोका अन्नपाणी किंवा लाळ श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होण्याचा. ‘ठसका लागत नाही, म्हणजे नीट गिळतात’ हा समज घातक आहे. घशाची संवेदना गेली असेल तर पाणी फुफ्फुसात जाऊनही खोकला येत नाही. गिळल्यावर आवाज ओला, घरघरता होणे, लुळ्या बाजूच्या गालात घास साचून राहणे, वारंवार ताप येणे या खुणा अशा वेळी महत्त्वाच्या ठरतात.

म्हणून तपासणी होईपर्यंत तोंडाने अन्न, पाणी किंवा गोळी द्यायची नाही. आधी खाटेजवळ थोडे थोडे पाणी पाजून चाचणी घेतात. शंका राहिल्यास बेरियम (क्ष-किरणांत दिसणारा पदार्थ) मिसळलेला घास गिळताना क्ष-किरणांनी चित्रण करतात किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा पाहतात. पहिली पद्धत अमेरिकेतील जेरी लोगमन यांनी रुजवली, दुसरी सुसान लँगमोर यांनी १९८८ मध्ये मांडली.

घशाला सर्वांत अवघड जाते ते पातळ पाणी, कारण ते स्वरयंत्र मिटण्याआधीच खाली धावते. घरात नेमके उलटे घडते: घास जात नाही, निदान दोन चमचे पाणी तरी, म्हणून ते झोपलेल्या माणसाच्या तोंडात सोडले जाते. द्रव किती घट्ट आणि अन्न किती मऊ आहे हे ठरवायला २०१५ पासून ० ते ७ पायऱ्यांची आंतरराष्ट्रीय श्रेणी आहे; द्रवासाठी तिच्यातल्या ० ते ४ पायऱ्या. सुईविना १० मिलीची सिरिंज भरायची, खालचे तोंड १० सेकंद मोकळे सोडायचे आणि उरलेला द्रव पाहायचा. १ मिलीपेक्षा कमी उरला तर तो पाण्यासारखा पातळ. ८ मिलीपेक्षा जास्त उरून हळूहळू ठिबकत असेल तर मध्यम घट्ट.

आपल्या स्वयंपाकघरात पेज आजाऱ्याचे अन्न मानली जाते, पण या रुग्णांना तीच नडते. पाणी पुढे पळते, शिते मागे राहतात. पातळ आमटी-भाताचेही तेच. पोहे, चुरमुरे, कोरडी भाकरी सुरुवातीला नकोच. एकजीव घोटलेले घट्ट वरण, दाट शिजवलेले नाचणीचे सत्त्व, कुस्करलेले केळे बरे, तेही तपासणीत ठरलेल्या पायरीनुसार. पाणी घट्ट करून दिल्याने ते श्वासनलिकेत जाणे कमी होते. मात्र त्यामुळे न्यूमोनिया टळतो याचा पुरावा कमकुवत आहे, आणि चव नकोशी झाल्याने रुग्ण पाणीच कमी पितात. हा उपाय सरसकट वापरणे योग्य नाही.

भरवताना रुग्णाला ताठ बसवावे, अर्धा चमचा घास द्यावा, आधीचा गिळल्याशिवाय पुढचा देऊ नये. मान मागे टाकून वरून पाणी ओतणे टाळावे. काहींना हनुवटी छातीकडे झुकवल्याने, काहींना मान लुळ्या बाजूला वळवल्याने गिळणे सोपे जाते. कोणाला काय लागू पडते ते चित्रणात कळते. व्यायामांत जोर लावून गिळणे, तसेच कंठमणी वर चढल्यावर तो दोन-तीन सेकंद तिथेच रोखणे येते. रुग्ण बोट कंठमण्यावर ठेवून हे शिकतो. उताणे झोपून फक्त डोके उचलून धरण्याचा शाकेर व्यायाम सहा आठवडे, दिवसातून तीनदा करायचा असतो. मानेचे दुखणे असलेल्यांना तो देत नाहीत. दात, जीभ आणि कवळी स्वच्छ ठेवणे औषधाइतकेच मोलाचे, कारण तोंडातले जंतूच लाळेबरोबर फुफ्फुसात उतरतात.

नाकातून नळी घातली की घरचे खचतात. वास्तविक नळीमुळे पोषण चालू राहते आणि गिळण्याच्या सरावाला वेळ मिळतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीनुसार पहिले दोन-तीन आठवडे पोटातून घातलेल्या नळीपेक्षा नाकातली नळीच बरी.

हे उपचार मुख्यतः वाक्‌उपचारतज्ज्ञ करतात. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि नायर रुग्णालयाचे महाविद्यालय येथे त्यांचे शिक्षण होते, पण हे तज्ज्ञ बहुतांशी शहरांतच सापडतात. तालुक्याच्या ठिकाणी पहिली चाचणी प्रशिक्षित परिचारिकाही घेऊ शकते. ऑस्ट्रेलियातील १९ पक्षाघात विभागांच्या चाचणीत ज्या विभागांत परिचारिकांनी ताप, साखर आणि गिळणे या तीनच गोष्टींवर ठरलेल्या पद्धतीने लक्ष ठेवले, तिथे ९० दिवसांनंतर मृत्यू किंवा परावलंबित्व यांचे एकत्रित प्रमाण कमी असल्याचे २०११ मध्ये दिसून आले.