सक्तीचे दोन हजार फूट

कोल्हापूर जिल्ह्यात फौजेत जाणे ही घरोघरची गोष्ट. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीतून तर पहिल्या महायुद्धापासून पिढ्यान्‌पिढ्या पोरे सैन्यात जात आली. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी प्रचारपटांचा इतिहास इथल्या वाचकाला जवळचा वाटावा, याचे हे एक कारण. दुसरे कारण म्हणजे व्ही. शांताराम.

त्या युद्धात हिंदी सैन्याची संख्या सुमारे 25 लाखांवर गेली, तीही सक्तीच्या भरतीशिवाय. माणसे राजी करावी लागत होती. त्यासाठी 1940 मध्ये सरकारने मुंबईत युद्धविषयक चित्रपट काढणारे फिल्म ॲडव्हायजरी बोर्ड नेमले. शस्त्र कसे हाताळायचे हे शिकवणारे प्रशिक्षणपट जवानांसाठी असत. प्रचारपट मात्र गावातल्या आईबापांसाठी होते. रंगरुटाची कवायत, त्याचा गणवेश, त्याला मिळणारे हातचे कसब, हे सारे त्यांना दिसावे हा हेतू.

कोल्हापुरात जन्मलेले शांताराम काही काळ या बोर्डाचे मुख्य निर्माते होते. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत ते घडले. त्याच कंपनीच्या ‘सावकारी पाश’मध्ये (1925) जमीन गमावून शहराकडे निघालेला तरुण शेतकरी त्यांनीच रंगवला होता. मला हा दुवा फार महत्त्वाचा वाटतो. कर्जात बुडालेले घर हे अनेकांच्या भरतीमागचे खरे कारण होते, आणि भरतीच्या चित्रपटात त्याला जागा मिळणे अवघडच होते. कोल्हापूरच्या मूकपटाने ते पंधरा वर्षे आधी पडद्यावर मांडले होते.

1942 च्या सुमारास शांताराम बोर्डातून बाहेर पडले. पुढे चित्रपट दिग्दर्शक एझरा मीर यांनी काम सांभाळले. ‘चले जाव’नंतर सरकारी चित्रपटांवर लोकांचा विश्वास बसणे कठीणच होते. 1943 मध्ये इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया ही सरकारी चित्रपटसंस्था स्थापन झाली, आणि प्रत्येक खेळाबरोबर सरकारमान्य चित्रपट दाखवणे ब्रिटिश हिंदुस्थानातल्या थिएटरांना बंधनकारक झाले. मर्यादा 2000 फूट फिल्मची, म्हणजे साधारण 22 मिनिटे. त्यांचे भाडेही थिएटरवाल्यानेच भरायचे.

कोल्हापूर ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हते, संस्थानी होते; तरी इथल्या निर्मात्यांना लागणारी कच्ची फिल्म परदेशातूनच यायची आणि तिच्यावर सरकारी नियंत्रण होते. कथापटाला 11,000 फुटांची मर्यादा पडली. युद्धप्रयत्नाला हातभार लावणारे कथापट काढा, असा दबावही निर्मात्यांवर होता. मास्टर विनायक यांच्या, कोल्हापुरात सुरू होऊन मुंबईला गेलेल्या प्रफुल्ल पिक्चर्सचा ‘बडी माँ’ (1945) याच काळातला.

1946 मध्ये ही यंत्रणा गुंडाळली गेली. 1948 मध्ये स्वतंत्र भारताने फिल्म्स डिव्हिजन उभारले, तेव्हा सक्तीच्या प्रदर्शनाचा नियम मात्र परत आणला. पुढची कित्येक दशके मुख्य चित्रपटाआधी जे माहितीपट आपण पाहिले, ते त्या युद्धकालीन हुकमाच्याच वाटेने आले.