समुद्रातले सूक्ष्मजीव इतकी वर्षे का दिसले नाहीत?

समुद्राचे पाणी अगरच्या (जेलीसारख्या पोषणमाध्यमाच्या) पेट्री डिशवर पसरायचे, काही दिवस थांबायचे आणि उगवलेल्या वसाहती मोजायच्या, ही पद्धत विसाव्या शतकात बराच काळ रूढ होती. तिच्यात खऱ्या पेशींपैकी जेमतेम १ टक्का, बहुधा त्याहूनही कमी, हाती लागत. त्यामुळे मेलेले जीव कुजवण्यापलीकडे जीवाणूंना फारसे काम नाही, असा समज रुजला.

घोळ पोषणमाध्यमात होता. प्रचलित 'मरीन ब्रॉथ २२१६' मध्ये लिटरमागे ५ ग्रॅम पेप्टोन (अर्धवट पचवलेली प्रथिने) आणि १ ग्रॅम यीस्टचा अर्क असतो. खुल्या समुद्रात लिटरभर पाण्यात विरघळलेला सेंद्रिय कार्बन १ मिलिग्रॅमही भरत नाही, आणि त्यातलाही बराचसा जीवाणूंना पचत नाही. एवढ्या तुटपुंज्या अन्नावर जगणाऱ्या बहुतेक पेशी अशा माध्यमात वाढतच नाहीत. वाढतात त्या व्हिब्रिओसारख्या, भरपूर अन्न मिळताच झपाट्याने विभागणाऱ्या.

कोंडी फुटली १९७७ मध्ये. जॉन हॉबी आणि सहकाऱ्यांनी ०.२ मायक्रोमीटर छिद्रांचा सपाट पॉलिकार्बोनेट फिल्टर आधी काळा रंगवला, म्हणजे तो स्वतः चमकणार नाही. त्यावर अ‍ॅक्रिडिन ऑरेंज या चमकणाऱ्या रंगाने रंगवलेल्या पेशी गाळून प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाखाली थेट मोजल्या. अशा मोजणीत मिलिलिटरमागे लाखांचे आकडे येतात. एक अडचण मात्र राहते: अ‍ॅक्रिडिन ऑरेंजने गाळाचे कणही चमकतात. म्हणून पुढे डीएनएला चिकटणारे डॅपी हे रंगद्रव्य रुळले.

इतक्या पेशी खातात काय? १९७४ मध्ये लॉरेन्स पोमेरॉय यांनी सूक्ष्मजीवांना अन्नजाळ्याच्या केंद्रात आणले. १९८३ मध्ये फारूक आझम आणि सहकाऱ्यांनी 'सूक्ष्मजीव-चक्र' मांडले: प्लवकांतून पाझरलेले सेंद्रिय पदार्थ जीवाणू शोषतात, जीवाणूंना कशाभिकाधारी (चाबकासारख्या शेपटीने पोहणारे एकपेशीय) जीव खातात आणि त्यांना त्याहून मोठे जीव. प्रकाशसंश्लेषणाने बांधलेल्या कार्बनपैकी १० ते ५० टक्के या वाटेने जातो, असा त्यांचा अंदाज होता. १९८९ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने विषाणू मोजले गेले आणि ते जीवाणूंपेक्षा कितीतरी जास्त निघाले. विषाणूने पेशी फोडली की तिच्यातला माल वरच्या भक्षकाकडे न जाता पुन्हा पाण्यात विरघळतो. चक्राचा हा भाग तोवर हिशेबातच नव्हता.

प्रोक्लोरोकोकसची गोष्ट याहून बोलकी आहे. समुद्रातला हा संख्येने सर्वांत मोठा प्रकाशसंश्लेषी जीव १९८८ पर्यंत अज्ञात होता. पेशी ०.६ मायक्रोमीटरच्या आसपास, चमक मंद, आणि सूक्ष्मदर्शकाच्या प्रकाशात तीही पटकन विझते. सॅली चिझम, रॉबर्ट ओल्सन आणि सहकाऱ्यांनी जहाजावर फ्लो सायटोमीटर (लेझरसमोरून एकेक पेशी नेऊन तिची चमक मोजणारे यंत्र) नेला, तेव्हा तो सापडला.

'एसएआर११' या समुद्री जीवाणूंच्या गटाची ओळख १९९० मध्ये सारगॅसो समुद्रातल्या जनुकांवरून पटली. प्रयोगशाळेत त्याचे संवर्धन जमायला २००२ उजाडले. त्यासाठी अन्न वाढवायचे नव्हते. निर्जंतुक समुद्रपाण्यातच नमुना इतका विरळ करायचा की संवर्धनाच्या पट्टीतल्या प्रत्येक खळग्यात मोजक्याच पेशी पडतील, आणि मग धीर धरायचा. गंधकाची क्षपित (ऑक्सिडीकरण न झालेली) संयुगे बाहेरून मिळाल्याशिवाय हा जीव वाढत नाही, हे तर २००८ मध्ये कळले.

जनुकीय पद्धतीही निर्दोष नाहीत. सूक्ष्मजीव ओळखण्यासाठी वाचल्या जाणाऱ्या १६एस जनुकासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ५१५एफ-८०६आर या प्राइमर (जनुकाच्या प्रती काढायला सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) जोडीची मूळ आवृत्ती समुद्री आर्किया (जीवाणूंहून वेगळ्या गटाचे सूक्ष्मजीव) आणि नेमका एसएआर११ गटच कमी दाखवत होती. २०१५-१६ मध्ये दोन्ही प्राइमर सुधारले गेले. त्याआधीचे प्रमाणाचे आकडे नव्या आकड्यांशेजारी मांडताना कोणती जोडी वापरली होती हे आधी तपासावे, नाहीतर प्राइमरमधला फरक समुद्रातला बदल म्हणून नोंदला जातो.