नवी बॅटरी घेण्याआधी: जीप, थार आणि जिप्सीवाल्या ग्राहकांसाठी

चवथ (गणेश चतुर्थी) झाली, पाऊस ओसरला की गोव्यातल्या कुळे-मोले भागातून आमच्याकडे एकच तक्रार येते. "पावसाळाभर गाडी उभी होती, आता सेल्फ (इंजिन सुरू करणारी स्टार्टर मोटर) मारला तर नुसतं कट-कट. बॅटरी गेली वाटतं." बरेच जण तर बॅटरी सोडवून स्कूटरवर ठेवूनच आणतात आणि नवी मागतात. आम्ही बॅटऱ्या विकतो, नवी देऊन मोकळे होणे आम्हाला सोपे आहे. पण दोष दुसरीकडे असेल तर नवी बॅटरीही महिन्याभरात बसते आणि पैसे तुमचे जातात. म्हणून आमच्याकडे आधी मोजतात, मग बदलतात. हे मोजमाप तुम्हालाही घरी करता येईल. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरे.

तीन वेळा मोजा

पहिले मोजमाप सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, किल्ली न लावता. बॅटरीच्या दोन्ही टोकांवर 12.6 व्होल्ट किंवा थोडे वर दिसले तर बॅटरी भरलेली आहे. 12.2 म्हणजे जवळपास अर्धी. 12 च्या खाली गेली तर आधी स्लो चार्जिंगला लावा. रिकाम्या बॅटरीवर पुढची कुठलीही तपासणी करण्यात अर्थ नाही. गाडी नुकतीच फिरवून आणली असेल तर आकडा फुगलेला दिसतो, त्यावर विश्वास ठेवू नका.

दुसरे मोजमाप सेल्फ मारताना. एकाने किल्ली फिरवावी, दुसऱ्याने मीटर पाहावा. भरलेल्या बॅटरीचा आकडा 9.6 च्या खाली कोसळला तर बॅटरी आतून कमजोर आहे, नाहीतर सेल्फ जास्त करंट ओढतोय. आकडा 12 च्या आसपासच राहिला आणि तरी इंजिन फिरले नाही, तर बॅटरीचा दोष नाही. करंट सेल्फपर्यंत पोचतच नाही, नाहीतर सेल्फच बिघडलाय.

तिसरे इंजिन चालू असताना, थोडा रेस देऊन. 13.8 ते 14.5 दिसले तर डायनामो (म्हणजे अल्टरनेटर, गॅरेजात सगळे डायनामोच म्हणतात) चार्ज देतोय. सकाळचाच आकडा दिसला तर चार्जिंग बंद आहे. 15 च्या वर गेला तर रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्टेज ताब्यात ठेवणारा भाग) बिघडलाय: बॅटरीतले पाणी वारंवार कमी होते, कुजक्या अंड्यासारखा वास येतो, बॅटरीच्या बाजू फुगतात. काही नव्या गाड्यांत कॉम्प्युटर स्वतःच चार्जिंग कमी-जास्त करतो. तिथे एकदा कमी आकडा दिसला म्हणून लगेच डायनामो उतरवू नका.

अर्थिंग, अर्थिंग, अर्थिंग

आमच्या भागातल्या गाड्यांत सर्वांत जास्त फसवणारा दोष हाच. दूधसागरच्या वाटेवर जीप ओढ्यांतून जाते, इंजिनखाली पाणी आणि चिखल उडतो. खाणपट्ट्यात लाल धूळ, किनाऱ्याकडे खारा वारा. इंजिनपासून चासीला जाणारी अर्थिंगची वायर (करंट बॅटरीच्या मायनसकडे परत नेणारी) नेमकी या सगळ्याच्या वाटेत असते.

एका ग्राहकाने एका हंगामात दोन बॅटऱ्या बदलल्या होत्या. तिसऱ्या वेळी आमच्याकडे आला. सेल्फ मारताना आम्ही मीटरचे एक टोक बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरे थेट इंजिनच्या धातूवर धरले. तिथे 0.2 व्होल्टच्या आत दिसायला हवे, दिसले 0.9. वायर वरून अगदी धडधाकट होती. बोल्टाजवळची रबरी नळी कापली तेव्हा आतली तांब्याची तार हिरवी पडलेली, बोटाने चुरडली की भुगा होत होती. वायर बदलली, चासीवरची जागा पत्रा चमकेपर्यंत घासली, बोल्ट आवळून वर ग्रीस लावले. त्याच्या दोन जुन्या बॅटऱ्यांपैकी एक चार्ज करून आजही चालते आहे.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-निळसर भुकटा जमला असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून धुवा, पण ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका.

डायनामो

चिखल आत गेला की कार्बन (आतल्या फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) लवकर झिजतात. म्हणून गाडी धुताना प्रेशरचा फवारा डायनामोवर मारू नका. पाण्यातून बाहेर आल्यावर पट्टा किंचाळत असेल तर तो सैल झालाय किंवा गुळगुळीत पडलाय. आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते: किल्ली ऑन केल्यावर डॅशबोर्डवरचा लाल बॅटरीचा दिवा लागायलाच हवा आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवा. अनेक जुन्या गाड्यांत डायनामोला सुरुवातीचा करंट याच बल्बमधून मिळतो. बल्ब उडाला तर चांगला डायनामोही चार्ज देत नाही.

उभ्या गाडीत बॅटरी उतरते तेव्हा

टपावरचे दिवे, जीपीएस, मोबाईल चार्जर, अँप्लिफायर अशा मागाहून जोडलेल्या वस्तूंवर पहिला संशय घ्या. मायनसची वायर काढून मध्ये मीटर अँपिअरवर लावा, दारे बंद करा, अर्धा तास थांबा. साधारण 0.05 अँपिअरपर्यंत ठीक. अर्धा अँपिअर जात असेल तर दिवसाला 12 अँपिअर-तास गेले. 60 अँपिअर-तासांची बॅटरी अडीच दिवसांत निम्मी होते. मग एकेक फ्यूज काढत जा, ज्या फ्यूजला आकडा पडतो त्या लाइनीत चोर आहे. मीटर असा लावलेला असताना सेल्फ मारू नका, मीटर जळेल.

पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर बॅटरीची मायनसची वायर काढून ठेवा आणि महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज करा. रिकामी राहिलेली बॅटरी प्लेटांवर सल्फेटचा कडक थर धरते, मग कितीही चार्ज करा, ती पूर्ववत होत नाही.

हे करू नका

डायनामो चालतोय का पाहायला चालू इंजिनमध्ये बॅटरीचे टर्मिनल काढण्याची जुनी सवय सोडा. व्होल्टेज एकदम उसळते आणि इलेक्ट्रॉनिक्स जळते. दुसऱ्या गाडीवरून स्टार्ट देताना आधी प्लसला प्लस जोडा, शेवटचे मायनस बंद गाडीच्या इंजिनच्या धातूला, बॅटरीपासून लांब. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, स्फोटाला एक ठिणगीही पुरते.

आमच्याकडे येताना बॅटरी सोडवून आणू नका, गाडीच आणा. दोष कधी दिसतो, सकाळी की पाण्यातून गेल्यावर, आणि अलीकडे कोणती नवी वस्तू जोडली, एवढे आठवून ठेवा. गाडी हलतच नसेल तर फोन करा, मीटर घेऊन आम्ही येतो.