ट्रॅक्टरचं ऑइल कारमध्ये?

‘डिझेलचं ऑइल दणकट, कारमध्ये घातलं तर इंजिन जास्त टिकतं.’ रावेर-यावलकडे केळीच्या ट्रॅक्टरचं ऑइल बदललं की उरलेला डबा याच हिशेबाने पेट्रोल कारमध्ये रिकामा होतो. दणकट आहे, पण डिझेलसाठी. काजळी धरून ठेवणारी आणि इंजिन साफ ठेवणारी रसायनं त्यात जास्त, झीज रोखणारा फॉस्फरसही बहुधा जास्त. ऑइल थोडंथोडं जळतंच. तो फॉस्फरस सायलेन्सरकडे जातो आणि धुरातले विषारी वायू कमी करणारा महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हळूहळू निकामी करतो. शिवाय ट्रॅक्टरचं १५डब्ल्यू-४० (हे आकडे ऑइलच्या जाडीचे) घट्ट. ०डब्ल्यू-२० म्हणजे पातळ ऑइल मागणाऱ्या इंजिनात ते डिसेंबरच्या गारठ्यात वर चढायला वेळ घेतं.

डब्याची मागची बाजू वाचा (पुढच्या बाजूला नुसता वाघ-सिंहच असतो). ‘सीआय-४’ (डिझेल इंजिनाचा दर्जा) सोबत ‘एसएल’ (पेट्रोल इंजिनाचा दर्जा) ही छापलंय? मग मॅन्युअलमध्ये तोच दर्जा, तीच जाडी मागितली असेल तर खुशाल घाला.